उच्छ्वासाचे मोजमाप : दम्याची घरातली नोंद

दमा हा दिवसागणिक, किंबहुना तासागणिक बदलणारा आजार असल्यामुळे दवाखान्यात एखाद्या दिवशी झालेल्या तपासणीतून त्याचे खरे रूप क्वचितच हाती लागते. पहाटे धाप लागून उठून बसलेला रुग्ण सकाळी अकरा वाजता डॉक्टरांसमोर येतो, तेव्हा त्याच्या छातीतील घरघर पुष्कळदा ओसरलेली असते. स्टेथोस्कोपमधून विशेष काही ऐकू येत नाही आणि रुग्णाने आठवून सांगितलेल्या वर्णनावर विसंबून औषधाची मात्रा ठरवावी लागते. रक्तदाब आणि रक्तातील साखर यांच्या बाबतीत ही अडचण घरात वापरता येणाऱ्या यंत्रांनी बऱ्याच अंशी दूर केली आहे. दम्यासाठीही असे साधन आहे. ते वीज किंवा बॅटरीशिवाय चालते, काही शे रुपयांत मिळते आणि पाच-सहा वर्षांच्या मुलापासून वृद्धांपर्यंत बहुतेकांना वापरता येते. तरीही दम्याच्या बहुसंख्य रुग्णांच्या घरी ते नसते, आणि जेथे असते तेथेही त्याचा आकडा पाहून पुढे काय करायचे हे अनेकदा ठाऊक नसते.

हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात सुमारे ४ लाख ५५ हजार जण त्याने दगावले. त्याच वर्षाच्या जागतिक रोगभार अभ्यासाने भारतातील रुग्णांची संख्या सुमारे ३ कोटी ४३ लाख धरली आहे. म्हणजे जगातील रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू येथे होतात. रुग्णसंख्या आणि मृत्युसंख्या यांतील ही तफावत आजाराच्या तीव्रतेतून आलेली नाही. निदानाला होणारा उशीर, नियमित औषधाचा अभाव आणि बिघाड वेळीच लक्षात न येणे यांतून ती आलेली आहे. यांपैकी शेवटच्या कारणावर घरातले मोजमाप हा थेट उपाय आहे.

श्वासनलिका अरुंद होते तेव्हा

मुख्य श्वासनलिका छातीत दोन शाखांत विभागते आणि त्या शाखा पुन:पुन्हा दुभंगत, अधिकाधिक बारीक होत, हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दम्यात वायुकोश सहसा शाबूत असतात. बिघाड असतो तो त्यांच्याकडे जाणाऱ्या नलिकांमध्ये. या नलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ दाह, म्हणजे सौम्य पण सतत टिकणारी सूज असते आणि त्यामुळे त्या कमालीच्या संवेदनशील झालेल्या असतात. सर्दीचे विषाणू, घरातील धुळीत वाढणारे सूक्ष्म कीटक, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी, गाजरगवतासारख्या वनस्पतींचे परागकण, चुलीचा किंवा फटाक्यांचा धूर, थंड हवा अशा एखाद्या कारणाने नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी फुगते आणि चिकट कफ साचू लागतो. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या द्रवाचा किंवा वायूचा रोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. त्यानुसार त्रिज्या निम्मी झाली तर रोध सोळापट होतो. श्वासनलिकांतील प्रवाह नेहमीच शांत नसल्यामुळे हा हिशेब तेथे तंतोतंत लागू पडत नाही, परंतु थोड्याशा अरुंदपणानेही श्वासाचे कष्ट फार वाढतात, एवढे त्यातून स्पष्ट होते.

हा अडथळा श्वास घेताना कमी आणि सोडताना अधिक जाणवतो. श्वास घेताना छाती प्रसरण पावते आणि तिच्याबरोबर नलिकाही बाहेरच्या बाजूला ताणल्या जाऊन थोड्या रुंदावतात, तर जोराने श्वास सोडताना छातीतील दाब वाढून त्या दाबल्या जातात. त्यामुळे आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. श्वास घेता येत नाही, अशी रुग्णाची तक्रार असली तरी तिचे मूळ श्वास सोडता न येण्यात असते, आणि म्हणूनच दम्याचे मोजमाप उच्छ्वासाचे, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासाचे करतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. आडवे झाल्यावर त्रास वाढतो, बसल्यावर बरे वाटते आणि ढगाळ हवा, थंडी व पूर्वेकडचा वारा यांनी तो बळावतो, असे तेथे नोंदले आहे. लक्षणांचे इतके सूक्ष्म निरीक्षण प्राचीन काळीच झाले होते; अडथळा किती आहे हे आकड्यात सांगण्याची सोय मात्र व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

मोजमाप कसे घडत गेले

इंग्लंडमधील जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी १८४६ साली स्पायरोमीटर या उपकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यात उपडे ठेवलेले धातूचे भांडे, त्यात नळीवाटे सोडलेला श्वास आणि त्यामुळे वर उचलले जाणारे भांडे, अशी त्याची रचना होती. भांडे किती वर आले यावरून सोडलेल्या हवेचे आकारमान कळत असे. खलाशी, पोलीस, कारागीर, पैलवान अशा दोन हजारांहून अधिक लोकांची मापे घेऊन त्यांनी दाखवून दिले की, खोल श्वास घेऊन सोडता येणारी एकूण हवा व्यक्तीच्या उंचीबरोबर वाढते आणि फुप्फुसाच्या रोगात घटते. या मापाला त्यांनी दिलेले 'व्हायटल कपॅसिटी' हे नाव आजही वापरात आहे.

दम्याच्या दृष्टीने मात्र एकूण हवा किती बाहेर पडते यापेक्षा ती किती वेगाने बाहेर पडते हे महत्त्वाचे असते, कारण अरुंद नलिकांतूनही पुरेसा वेळ दिल्यास बरीचशी हवा बाहेर येऊ शकते. फ्रान्समधील रोबेर तिफनो यांनी १९४७ साली जोराने सोडलेल्या श्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजण्याची कल्पना मांडली. 'एफईव्ही-१' या नावाने ओळखले जाणारे हे माप आणि जोराने सोडलेली एकूण हवा, म्हणजे 'एफव्हीसी', यांचे गुणोत्तर हा आजच्या स्पायरोमेट्रीचा कणा आहे. निरोगी तरुण माणूस पहिल्याच सेकंदात आपल्या एकूण हवेपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक हवा सोडतो. श्वासनलिका अरुंद झाल्या की हे प्रमाण घटते. नलिका रुंदावणारे औषध दिल्यावर एफईव्ही-१ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला, तर अडथळा औषधाने हटणारा आहे असे समजतात आणि दम्याच्या निदानाला त्यातून बळकटी मिळते.

ही यंत्रे रुग्णालयापुरतीच मर्यादित होती. त्यांना बाहेर काढण्याचे श्रेय बेसिल मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाला जाते. वेल्समधील कोळसा खाणींतील कामगारांच्या फुप्फुसरोगांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात त्यांनी काम केले होते, आणि खाणवस्त्यांमध्ये जाऊन शेकडो लोकांची तपासणी करायची तर हातात धरता येईल असे उपकरण हवे होते. राइट आणि त्यांचे सहकारी मॅकेरो यांनी १९५९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये वर्णन केलेल्या उपकरणात फुंकरीच्या जोराने स्प्रिंगला जोडलेले पाते फिरत असे आणि ते जेथपर्यंत पोहोचेल तेथे अडकून राहत असे. पाते जेथे थांबले तेथला आकडा म्हणजे उच्छ्वासाचा महत्तम प्रवाह, अर्थात 'पीक फ्लो'. पुढे १९७०च्या दशकात राइट यांनीच प्लॅस्टिकच्या नळीतील दट्ट्या आणि सरकता काटा अशी हलकी, स्वस्त आवृत्ती तयार केली, आणि दम्याचे मोजमाप खऱ्या अर्थाने रुग्णाच्या घरी पोहोचले.

एका फुंकरीची रीत

पीक फ्लो मीटर हवेचा सर्वाधिक वेग मिनिटाला लिटर या एककात दाखवतो. हा सर्वोच्च वेग फुंकर सुरू झाल्यानंतर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात गाठला जातो आणि नंतर प्रवाह मंदावत जातो. त्यामुळे येथे फुंकर किती वेळ चालली याला महत्त्व नसून ती किती जोराने सुरू झाली याला महत्त्व आहे. चुलीतील विस्तव फुलवण्यासाठी फुंकणीतून घालतात तशी लांब, संथ फुंकर येथे उपयोगाची नाही. छातीतील सगळा जोर एकवटून, एका झटक्यात सोडलेला श्वास हवा.

माप घेण्यापूर्वी काटा शून्यावर आणावा, उभे राहावे किंवा ताठ बसावे आणि दर वेळी तीच स्थिती ठेवावी. तोंड उघडून शक्य तितका खोल श्वास घ्यावा, क्षणभरही न रोखता नळीचे तोंड दातांमध्ये धरून ओठांनी घट्ट मिटावे आणि शक्य तितक्या जोराने, शक्य तितक्या झटकन फुंकावे. जीभ नळीच्या तोंडाशी येऊ नये, बोटे काट्याच्या खाचेवर किंवा मागच्या छिद्रांवर नसावीत. असे तीनदा करून तिन्हींपैकी सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. सरासरी काढू नये, कारण पीक फ्लो हे क्षमतेचे माप आहे आणि कमी आलेला आकडा बहुधा अपुऱ्या प्रयत्नाचा असतो. तीन आकडे एकमेकांपासून फार दूर असतील, तर तंत्र चुकते आहे असे समजावे. थुंकल्यासारखी किंवा खोकल्यासारखी फुंकर आकडा खोटाच वाढवते, म्हणून अशी फुंकर मोजणीत धरू नये.

मोजमाप सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, साधारण ठरावीक वेळी आणि नलिका रुंदावणारे औषध घेण्यापूर्वी करावे. आधी त्या औषधाचा पंप घेतला असेल तर वहीत तशी खूण करावी. उपकरण एकच वापरावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटरांचे आकडे जुळत नाहीत, शिवाय राइट यांच्या मूळ मोजपट्टीत मधल्या टप्प्यातील आकडे प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असल्यामुळे युरोपात नवी प्रमाणित मोजपट्टी ठरवण्यात आली आणि ब्रिटनमध्ये २००४पासून ती लागू झाली. जुना मीटर बदलून नवा घेतल्यावर आकडा एकदम खाली आला, तर आजार बळावला असे समजण्यापूर्वी दोन्ही उपकरणांची मोजपट्टी पाहून घ्यावी. कोमट साबणाच्या पाण्याने मीटर वेळोवेळी धुऊन पूर्ण वाळवावा आणि उत्पादकाने दिलेली मुदत संपल्यावर बदलावा, कारण स्प्रिंग सैल पडली की मोजणी बिघडते. नुकतीच डोळ्याची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी जोराने फुंकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

स्वतःचा उच्चांक आणि तीन पट्टे

निरोगी माणसाचा पीक फ्लो वय, उंची आणि लिंग यांवर अवलंबून असतो आणि त्यासाठी अपेक्षित आकड्यांचे तक्ते उपलब्ध आहेत. परंतु हे तक्ते कोणत्या लोकसमूहाच्या मापांवरून केले आहेत, हा प्रश्न भारतात नेहमीच महत्त्वाचा ठरला आहे. युरोपीय लोकांवरून काढलेले आकडे येथे लावले तर निरोगी माणसेही कमी क्षमतेची भासतात, हे लक्षात आल्यावर भारतीय संशोधकांनी स्वतंत्र मापे घेतली. मुंबईत डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली भारतीय प्रौढांसाठी निकष प्रसिद्ध केले, तर डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली निरोगी भारतीयांच्या उच्छ्वासाच्या प्रवाहाचे आलेख मांडले. लोकसमूहांतील हा फरक कितपत शरीराच्या ठेवणीमुळे आणि कितपत बालपणीचे पोषण, संसर्ग व धुराचा सहवास यांमुळे पडतो, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

घरातल्या मोजमापाने या वादातून एक व्यवहार्य वाट काढली आहे. दोन माणसांची तुलना करण्याऐवजी रुग्णाची तुलना त्याच्याशीच करावी, हे त्यामागचे तत्त्व. दमा पूर्ण आटोक्यात असताना दोन ते तीन आठवडे रोज माप घेतल्यावर जो सर्वांत मोठा आकडा सातत्याने मिळतो, त्याला त्या व्यक्तीचा वैयक्तिक उच्चांक म्हणतात. या उच्चांकाच्या ८० टक्क्यांवरील भाग हिरवा पट्टा, ५० ते ८० टक्के हा पिवळा पट्टा आणि ५० टक्क्यांखालचा लाल पट्टा, अशी विभागणी सर्वत्र वापरतात. उच्चांक मिनिटाला ४५० लिटर असेल, तर ३६० आणि त्यावरचे आकडे हिरव्या पट्ट्यात, २२५ ते ३६० दरम्यानचे पिवळ्यात आणि २२५ खालचे लाल पट्ट्यात येतात. हिरव्या पट्ट्यात नेहमीचे औषध चालू ठेवायचे असते. पिवळ्या पट्ट्यात डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवून कारण शोधायचे असते. लाल पट्टा म्हणजे तातडीची वेळ, आणि त्या वेळी आराम देणारा पंप डॉक्टरांच्या लेखी आराखड्यानुसार घेऊन विलंब न लावता रुग्णालय गाठायचे असते. वाढत्या वयाच्या मुलांचा उच्चांक उंचीबरोबर बदलत असल्यामुळे तो ठरावीक काळाने पुन्हा काढावा लागतो. हे विसरले गेले, तर वाढलेल्या मुलाचा घसरलेला पीक फ्लोदेखील जुन्या मापाने हिरव्या पट्ट्यातच दिसत राहतो.

आलेख काय सांगतो

एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका कितीतरी अधिक बोलकी असते. निरोगी माणसाच्या श्वासनलिकाही चोवीस तासांत किंचित अरुंद-रुंद होतात. पहाटे चारच्या सुमारास त्या सर्वांत अरुंद आणि दुपारनंतर सर्वांत रुंद असतात. दम्यात हाच चढउतार मोठा होतो आणि सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्यापेक्षा बराच खाली जातो. डेम मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी १९७७ साली दम्याच्या रुग्णांच्या पीक फ्लोचे निरनिराळे आकृतिबंध वर्णन करताना पहाटेच्या या घसरणीकडे विशेष लक्ष वेधले होते.

हा चढउतार मोजण्याची रीत सोपी आहे. दिवसातील मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करून त्याला दोहोंच्या सरासरीने भागायचे आणि टक्केवारी काढायची. सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० आले, तर फरक ८०, सरासरी ३६० आणि चढउतार सुमारे २२ टक्के होतो. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा', म्हणजेच 'जिना', या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दोन आठवड्यांच्या नोंदींतील अशा दैनिक चढउतारांची सरासरी प्रौढांत १० टक्क्यांहून आणि मुलांत १३ टक्क्यांहून अधिक असेल, तर तो दम्याच्या बाजूचा पुरावा मानतात. स्पायरोमेट्रीची सोय नसलेल्या तालुक्याच्या किंवा आदिवासी भागातील डॉक्टरांसाठी ही साधी वही निदानाचे मोलाचे साधन ठरते.

नियमित औषधाचा परिणामही या आलेखात उमटतो. दाह कमी करणारा स्टेरॉइडचा पंप सुरू केल्यावर काही आठवड्यांत सकाळचे आकडे वर येतात आणि सकाळ-संध्याकाळमधील अंतर कमी होत जाते. पंपाची सवय लागते, या भीतीने बरे वाटताच पंप बंद करणारे रुग्ण आपल्याकडे फार आहेत; औषध थांबवल्यानंतर आकडे हळूहळू उतरत गेलेले स्वतःच्या वहीत पाहिले, की पंप सुटत नाही याचे कारण व्यसन नसून नलिकांतील टिकून राहिलेला दाह आहे, हे त्यांना पटू शकते.

कामाच्या जागेमुळे होणाऱ्या दम्यात तर या नोंदींना पर्यायच नाही. बेकरीतील पिठाची धूळ, लाकडाचा भुसा, मोटारी रंगवण्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट अशा पदार्थांनी दमा जडलेल्या कामगाराला त्रास पुष्कळदा कामावर असताना न होता घरी गेल्यावर, रात्री होतो. त्यामुळे कारण लक्षात येत नाही. अशा वेळी जागेपणी रोज किमान चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे दिवस दोन्ही धरून काही आठवडे पीक फ्लो नोंदवतात. कामाच्या दिवसांत आकडे उतरत जातात आणि सुट्टीत वर येतात, असा आकृतिबंध दिसला की संशयाला आधार मिळतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डॉ. शेरवूड बर्ज आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदींचे विश्लेषण करणारी 'ओॲसिस' ही संगणकप्रणाली विकसित केली असून व्यावसायिक दम्याच्या निदानात ती वापरली जाते.

धापेवर विसंबता येत नाही

त्रास वाढला की रुग्णाला ते कळणारच, मग आकड्यांची गरज काय, अशी शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संशोधनाने दिले आहे. ऑस्ट्रेलियातील रुबिनफेल्ड आणि पेन यांनी १९७६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, श्वासनलिका लक्षणीय अरुंद झाल्या असतानाही सुमारे १५ टक्के रुग्णांना त्याची जाणीव होत नसल्याचे आढळले. जपानमधील सेंदाई येथील संशोधकांनी १९९४ साली त्याहून गंभीर गोष्ट दाखवली : दम्याच्या झटक्यात मृत्यूच्या दारात जाऊन परतलेल्या रुग्णांमध्ये धाप जाणवण्याची क्षमताच मंदावलेली होती. ज्यांना सर्वाधिक धोका, त्यांनाच इशारा सर्वांत कमी मिळतो, असा याचा अर्थ. वर्षानुवर्षे कमी श्वासावर जगण्याची सवय झालेले वृद्ध, लक्षणे सांगता न येणारी लहान मुले आणि पूर्वी अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागलेले रुग्ण यांच्यासाठी पीक फ्लोची वही म्हणूनच विशेष मोलाची आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पीक फ्लो मुख्यतः मोठ्या नलिकांची स्थिती दाखवतो आणि रुग्णाच्या जोरावर अवलंबून असतो; बारीक नलिकांतील बिघाड त्यात पुरेसा उमटत नाही. म्हणून आकडा ठीक असला तरी एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, गुंगी येत असेल किंवा आराम देणाऱ्या पंपाने फरक पडत नसेल, तर आकड्याकडे न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तीव्र झटक्यात घरघर अचानक थांबणे हे सुधारणेचे लक्षण नसून हवेची ये-जा जवळपास बंद झाल्याची खूण असू शकते.

घरातला स्पायरोमीटर

गेल्या काही वर्षांत मोबाइल फोनला जोडता येणारे छोटे स्पायरोमीटर बाजारात आले आहेत. काहींमध्ये हवेच्या झोताने फिरणाऱ्या चक्राचे फेरे प्रकाशकिरणांनी मोजतात, तर काहींमध्ये प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने जाणाऱ्या ध्वनिलहरींना लागणाऱ्या वेळेतील फरकावरून प्रवाह काढतात. पीक फ्लोबरोबरच एफईव्ही-१ आणि एफव्हीसी मिळत असल्यामुळे त्यांची माहिती अधिक संपन्न असते, आणि नोंद आपोआप साठत असल्याने ती विश्वासार्हही असते. कागदी वह्या आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी ताडून पाहणाऱ्या अभ्यासांत, राहून गेलेले आकडे रुग्ण अंदाजाने भरून टाकतात असे आढळले आहे. २०२०मध्ये कोविडच्या साथीत रुग्णालयांतील फुप्फुस-चाचण्या ठप्प झाल्या, तेव्हा अनेक देशांत घरातल्या स्पायरोमेट्रीला चालना मिळाली.

तिची मर्यादा तंत्रात आहे. स्पायरोमेट्रीत झटक्याने सुरू केलेला श्वास फुप्फुस रिकामे होईपर्यंत कित्येक सेकंद सोडत राहावा लागतो, आणि बहुतेक जण शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या प्रोत्साहनाशिवाय मध्येच थांबतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९च्या प्रमाणकांनुसार सर्वोत्तम दोन फुंकरींतील एफईव्ही-१मध्ये १५० मिलिलिटरहून अधिक फरक नसावा. घरात हे साधण्यासाठी आधी प्रशिक्षण, आणि जमल्यास व्हिडिओवरून तंत्रज्ञाची देखरेख लागते. तीव्र दम्याच्या रुग्णासाठी हा खर्च आणि खटाटोप सार्थकी लागतो. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या बहुतेकांना साधा पीक फ्लो मीटर पुरतो.

आकडा आणि लेखी आराखडा

घरातल्या मोजमापाचा फायदा तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रांजळपणे सांगितला पाहिजे. नुसता मीटर देऊन फारसे काही साधत नाही. लाभ होतो तो मोजमापाला रुग्णशिक्षण, डॉक्टरांची नियमित भेट आणि लेखी कृती-आराखडा यांची जोड मिळाली की. कोणत्या आकड्याला किंवा कोणत्या लक्षणाला कोणते औषध किती वाढवायचे, केव्हा फोन करायचा आणि केव्हा रुग्णालयात जायचे, हे रुग्णाच्या भाषेत लिहिलेला एक पानाचा कागद म्हणजे हा आराखडा. तो लक्षणांवर आधारलेला असो की पीक फ्लोवर, सर्वसाधारण रुग्णांत दोन्ही जवळजवळ सारखेच उपयोगी ठरतात. पीक फ्लोवर आधारायचा असेल तर तक्त्यातील अपेक्षित आकड्यांऐवजी वैयक्तिक उच्चांक वापरलेला बरा. धाप नीट जाणवत नाही अशांसाठी मात्र आकड्यावरचा आराखडाच श्रेयस्कर आहे.

आराखडा नसण्याची किंमत किती मोठी असते, हे ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय आढाव्यातून दिसले. तपासलेल्या १९५ मृत्यूंपैकी सुमारे दोनतृतीयांश मृत्यूंमध्ये टाळता येण्याजोगी कारणे आढळली; लेखी आराखडा अवघ्या २३ टक्के रुग्णांकडे होता, आणि ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत न मागताच किंवा ती मिळण्यापूर्वीच मरण पावले होते. आरोग्यसेवा मोफत असलेल्या देशाची ही स्थिती आहे. भारतात तर अनेक रुग्ण आजही केवळ आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलवर किंवा तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर दिवस काढतात, आणि केवळ साल्ब्युटामॉलसारख्या औषधावर प्रौढांच्या दम्याचा उपचार करू नये, अशी शिफारस 'जिना'ने २०१९ पासून केलेली आहे.

दम्याच्या प्रत्येक रुग्णाने, आणि रुग्ण लहान असेल तर त्याच्या आईवडिलांनी, पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात : पंप आणि पीक फ्लो मीटर वापरण्याचे तंत्र समोर करून तपासून घेणे, दमा आटोक्यात असताना काढलेला स्वतःचा उच्चांक, आणि त्या उच्चांकावर बेतलेला, मराठीत लिहिलेला एक पानाचा आराखडा. दमा पूर्ण आटोक्यात आल्यावर रोज दोनदा फुंकण्याची गरज उरतेच असे नाही. सर्दीपडशात, ऋतुबदलात, औषध बदलताना किंवा त्रास वाढल्यासारखे वाटताच मोजमाप पुन्हा सुरू केले तरी बहुतेकांना पुरते. मीटर आणि आराखडा मात्र घरात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी असावा, कारण झटका येतो तेव्हा तो वाचून कृती करण्याची पाळी बहुधा घरातल्या दुसऱ्याच माणसावर येते.